चित्रापुढे स्कूटर लावू नये

मुंबईत रिकामी जागा आणि रिकामी भिंत या दोन गोष्टी फार दिवस टिकत नाहीत. जागेवर टॉवर उभा राहतो आणि भिंतीवर मजकूर. टॉवरला निदान कागदोपत्री परवानग्या लागतात. भिंतीला रंगाचा एक डबा, एक ब्रश आणि हवालदाराची फिरलेली पाठ एवढं पुरतं.

माझं बालपण माहीममध्ये गेलं. मला वाचायला शाळेतल्या बाईंनी शिकवलं, असं घरचे समजतात. पण सराव करून घेतला तो भिंतींनी. पाठ्यपुस्तकात कमळ आणि बदक असायचं. भिंतीवर मूळव्याध, भगंदर आणि नपुंसकत्व. जोडाक्षरांच्या बाबतीत भिंत शाळेच्या कितीतरी इयत्ता पुढे होती. 'गुप्तरोग म्हणजे काय हो?' असं मी एकदा भर पंगतीत विचारलं, तेव्हा आजोबांनी मला तातडीने आणखी एक पुरणपोळी वाढायला लावली. तोंडात पुरण असलं की माणसाला उपप्रश्न विचारता येत नाहीत.

या जाहिरातींच्या शेजारीच, जाहिरातींपेक्षा मोठ्या अक्षरांत 'येथे जाहिराती लावू नयेत. हुकमावरून' असं लिहिलेलं असे. हा हुकूम कोणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. पण तो राजपत्रात छापला गेल्यामुळे कोणाच्या फारसा वाचनात आला नसावा. भिंतीवर लिहिला असता तर सगळ्यांनी वाचला असता.

भिंतीवरच्या दृश्यकलेचा पहिला मोठा प्रयोग मात्र आमच्या जिन्यात झाला. पान खाऊन जिन्याच्या कोपऱ्यात मोकळे होणारे लोक कुठल्याच पाटीला दाद देत नव्हते. 'थुंकू नये' लिहिलं की ते नेमके 'नये'वर नेम धरत. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून देवांच्या फरशा निघाल्या. प्रत्येक वळणावर एक रांग: गणपती, साईबाबा, येशू, मक्का-मदिना, गुरू नानक. थुंकणारा कुठल्या धर्माचा निघेल याची खात्री नसल्यामुळे सगळ्यांचीच सोय करावी लागते. सर्वधर्मसमभावावर या देशात भाषणं रग्गड झाली, पण तो एका ओळीत, पांढऱ्या सिमेंटात, गुडघ्याच्या उंचीवर बसवून दाखवला मुंबईच्या जिन्यांनीच. उपाय लागू पडला, आणि जरा जास्तच लागू पडला. पहिल्या मजल्याच्या वळणावर कोणीतरी फूल ठेवलं, मग उदबत्ती आली, मग चतुर्थीला दूर्वा. आता तिथून चपला घालून जाताना लोकांना अवघडल्यासारखं होतं आणि थुंकणारे नाइलाजाने गच्चीवर जातात.

अशी सगळी पूर्वतयारी झालेली असल्यामुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत शहरात रीतसर 'स्ट्रीट आर्ट' आलं तेव्हा आम्ही काही दचकलो नाही. फरक इतकाच पडला, की पूर्वी भर दुपारी भिंतीकडे टक लावून उभ्या असलेल्या माणसाला 'काय हो, पत्ता सापडत नाही का?' असं विचारायचे. हल्ली त्याला रसिक समजून लोक वाट वाकडी करून जातात.

पण या रसिकतेची एक अडचण आहे. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रापुढे माणूस उभा असतो. रस्त्यावरच्या चित्रापुढे माणूस सोडून बाकी सगळं उभं असतं. ॲक्टिव्हा असते. पाण्याचा टँकर असतो. उसाच्या रसाचं यंत्र असतं. विजेच्या मीटरची पेटी असते. मालक अमेरिकेला गेल्यापासून ताडपत्री पांघरून बसलेली एक मारुती असते, तिच्यावर मांजर असतं. यावर पुष्कळ कलाप्रेमी चिडतात. शहराला सौंदर्यदृष्टी नाही, परदेशात असं नसतं, वगैरे सांगतात. मला त्यांचं पटत नाही. मुंबईतलं चित्र म्हणजे रंगवलेली भिंत अधिक तिच्यापुढे उभं असलेलं सगळं. स्कूटर वजा करून चित्र बघायला गेलात तर हाती नुसता रंग लागतो.

आमच्या दारचंच उदाहरण घ्या. कागदावर सेनापती बापट मार्ग आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी तुळशी पाईप रोड असलेला रस्ता माहीमहून दादरकडे पश्चिम रेल्वेच्या रुळांना चिकटून जातो. रूळ आणि रस्ता यांच्यामध्ये एक लांबच लांब भिंत आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये 'वॉल प्रोजेक्ट'च्या हाकेला ओ देऊन शेकडो मुंबईकर ब्रश घेऊन या भिंतीवर तुटून पडले. त्यांच्यात चित्रकार होते, विद्यार्थी होते आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला बाकावर उभे राहिलेलेही होते. प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा मिळाला. मुंबईत भिंतीचा तुकडा फुकट मिळतोय म्हटल्यावर मी मी म्हणणारे हिशेबी लोकसुद्धा त्या दिवशी कलावंत झाले.

या प्रदर्शनाची खुबी अशी, की चित्रं रस्त्याच्या अंगाला आहेत. म्हणजे लोकलमधून जाणारे लाखो लोक रोज चित्रांच्या पाठीमागून जातात आणि त्यांना काही दिसत नाही. बघायला मिळतं ते ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याला. माटुंगा रोडच्या आसपास गाडी थांबली की थांबली. मग माणूस आधी मोबाईल बघतो, मग घड्याळ, मग सिग्नल, मग शेवटी हताश होऊन भिंतीकडे वळतो, आणि तिथून कलेचा आस्वाद सुरू होतो. एका चित्रापुढे इतका वेळ जहांगीरमध्येही कोणी घालवत नाही.

त्या भिंतीवर एक भलामोठा डोळा होता. कोणीतरी त्याच्या बुबुळात मधोमध खिळा ठोकून शर्ट वाळत घातला होता. गाडी हलेपर्यंत मी त्या शर्टाकडे बघत होतो. वारा आला की शर्ट हलायचा आणि डोळा मिचकावल्याचा भास व्हायचा. चित्रकाराला हे सुचलं असतं तर त्याने मोठ्या कौतुकाने त्याला काहीतरी अवघड नाव दिलं असतं. शर्टवाल्याला नावाची गरज नव्हती, खिळ्याची होती. थोडं पुढे, दादरच्या फुलबाजाराच्या अंगाला, एक गजरेवाली भिंतीला डोकं टेकून बसायची. भिंतीवर कुठल्याशा बाईचा चेहरा रंगवलेला. वर्षानुवर्षं त्याच जागी डोकं टेकून खोबरेल तेलाचा असा काही गोल डाग पडला होता, की त्या चेहऱ्यामागे चक्क तेजोवलय दिसू लागलं. पुढे तो भाग कोणीतरी नव्याने रंगवला आणि तेजोवलय गेलं. गजरेवाली तिथेच आहे. नवं वलय हळूहळू तयार होतंय.

माहीमची खाडी ओलांडली की वांद्रे. तिथे भिंतींचा थाट निराळा. चॅपेल रोड, रणवार या जुन्या ईस्ट इंडियन गावठाणातल्या गल्ल्यांत बैठी घरं, लाकडी जिने, क्रूस आणि त्यांच्या मधोमध सिनेमा. रणजित दहिया हे हरियाणातून आलेले चित्रकार. त्यांनी २०१२ मध्ये 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला आणि नट-नट्या भिंतींवर चढवल्या. चॅपेल रोडवर त्यांनी अनारकली काढली. दंतकथेतल्या अनारकलीला अकबराने भिंतीत चिणलं होतं. वांद्र्याने तिला निदान भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ठेवलं. चार शतकांत एवढी सुधारणा कमी नाही. बच्चनचं तर काय, त्याला कुठेही काढा, दीवार आयतीच मिळते.

तसं सिनेमा आणि भिंत यांचं आपल्याकडे जुनं सोयरंच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींचा ब्रश एवढा गाजला, की पुढे ते सिनेमात गेले तेही बाबूराव पेंटर म्हणूनच. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या दिवसांत याच मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. परांचीवर बसून नायिकेचं एक नाक रंगवायला अख्खा दिवस घालवणाऱ्या माणसांची ही परंपरा. मग डिजिटल फ्लेक्स आला. फ्लेक्सने पेंटर घरी बसवला आणि चौकाचौकात 'भावी नगरसेवक' उभा केला. तेव्हापासून भिंतीवर हाताने काढलेला चेहरा दिसला, की तो कोणाचाही असो, मला बरं वाटतं. निदान तो वाढदिवसाच्या शुभेच्छा मागत नाही.

या गल्ल्यांत दिवसभर फोटो काढणं चालू असतं. भिंतीवर पंखांची एक जोडी रंगवलेली असते. मध्ये उभं राहायचं आणि देवदूत व्हायचं. एकदा पांढरा झगा घातलेली एक मुलगी अशी उभी होती आणि तिची मैत्रीण फोटोसाठी रस्त्यावर चक्क पालथी पडली होती. रिक्षावाले बिचारे तिला वळसा घालून जात होते. आता हे पंख ज्या भिंतीवर होते ती भिंत म्हणजे एका काकांचं घर होतं आणि उजव्या पंखाच्या बरोबर मध्यावर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. ऐन वेळी ती उघडली आणि पंखातून बनियन घातलेले अंकल बाहेर आले.

"अंकल, प्लीज, दोन मिनिटं विंडो बंद कराल?"

"बाळा, आत बॉटल मसाला भाजतेय माझी बायको. विंडो बंद केली तर आम्ही मरू, उघडी ठेवली तर तू शिंकशील. काय करायचं ते तूच सांग."

काही सांगायच्या आत वीस-बावीस जिन्नसांचा खमंग ठसका गल्लीत उतरला. पहिली शिंक देवदूताला आली, दुसरी पालथ्या फोटोग्राफरला, मग एक रिक्षावाला, मग मी. अंकलनी पंखातून हात बाहेर काढून पाण्याची बाटली दिली. फोटो कसा आला असेल ते मी बघितलं नाही, पण शिंकणाऱ्या देवदूताचं चित्र माझ्या माहितीत युरोपातल्या कुठल्याही चर्चमध्ये नाही.

दहिया आणि त्यांच्या साथीदारांनी २०१४ मध्ये आणखी एक मोठं काम केलं. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीची अख्खी बाजू त्यांनी दादासाहेब फाळक्यांना देऊन टाकली. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १९१३ मध्ये गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' दाखवून त्यांनी हा सगळा कारभार सुरू केला. मूकपट काढणाऱ्या माणसाला टेलिफोनची इमारत मिळाली, यावर मी काही बोलण्याची गरज नाही. पण तिथून जाताना मी रिक्षावाल्याला सहज विचारलं, "ये कौन है, मालूम है?" त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "पुराना कोई सेठ होगा. टेलिफोन का मालिक." सिनेमाच्या जनकाला एवढी मालमत्ता हयातीत कोणी देऊ केली नव्हती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये, २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'स्टार्ट इंडिया' संस्थेने मोठं प्रदर्शन भरवलं. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी. मुंबईच्या मासळीचा कारभार इथे उजाडायच्या आधी उरकलेला असतो. गोदामांत कलाकृती मांडल्या होत्या आणि भिंतींवर डॉकमध्ये राबणाऱ्या माणसांचे मोठमोठे कृष्णधवल फोटो चिकटवले होते. जन्मात ससून डॉकला न गेलेले लोक त्या काळात तिथे झुंडीने गेले. पहिल्या वीस पावलांतच त्यांना कळलं, की इथे चित्राच्या आधी वास भेटतो. ओढण्या नाकावर गेल्या, रुमाल निघाले, एका गृहस्थांनी तर हातातल्या माहितीपत्रकाची घडी करून नाकात धरली.

एका भिंतीवर एका मावशींचा दोन पुरुष उंचीचा चेहरा होता. सुरकुत्या, नथ, नजर, सगळं जबरदस्त. खाली कोळंबी सोलत बसलेल्या बायकांमध्ये जवळजवळ तशाच नथीच्या एक मावशी होत्या. लोक त्यांना "जरा बाजूला व्हा ना, चित्र दिसत नाही," असं सांगत होते. मावशी दोन वेळा सरकल्या. तिसऱ्या खेपेला कोळंबीचं साल टोपलीत टाकत म्हणाल्या, "तिला काय बघतंस? ती सोलून देनार हाय काय?" नाकाला रुमाल लावलेल्या बाईंनी मग मुकाट्याने पाव किलो घेतली. रुमाल पैसे देताना खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. कलेने माणूस बदलतो तो असा.

काही चित्रं मात्र चुकीच्या माणसांच्या वाट्याला येतात. ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने २०१८ मध्ये चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर महात्मा गांधी काढले. पांढऱ्या पंचासाठी ओळखल्या जाणाऱ्या गांधीजींच्या वाट्याला एकदम इंद्रधनुष्यातले सगळे रंग आले. चर्चगेटला उतरणाऱ्या माणसाची नजर सकाळी पुढच्याच्या टाचेवर असते आणि संध्याकाळी इंडिकेटरवर. मान वर करणारा चिरडला जातो. त्या गर्दीत थांबून वर बघणारा एखादा दिसलाच, तर तो नक्की पाहुणा, किंवा नुकताच निवृत्त झालेला.

घाटकोपरजवळच्या असल्फ्याला तर बघणाऱ्याची जागाच उलटीपालटी झाली. टेकडीवरच्या वस्तीची घरं 'चल रंग दे' या उपक्रमात २०१७-१८ च्या सुमारास गुलाबी, निळी, पिवळी झाली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या खिडकीतून ती अशी काही दिसतात, की वर्तमानपत्रांना इटलीची आठवण झाली. पण हे सगळं दिसायला टेकडीपासून लांब, उंचावर आणि वातानुकूलित डब्यात असावं लागतं. खुद्द वस्तीतल्या माणसाला चार फुटी बोळातून समोरच्याचा पाण्याचा पिंप आणि स्वतःचं दार एवढंच दिसतं. आपलं घर कुठल्या रंगाचं आहे हे बघायला त्याला तिकीट काढून मेट्रोत बसावं लागतं. मालक प्रेक्षकांत आणि घर रंगमंचावर, असा हा मामला.

सरकारी चित्रकलेचं खातं वेगळं. स्वच्छ सर्वेक्षणात शहराला गुण मिळायला लागले आणि राज्यातल्या झाडून सगळ्या महापालिका एकाएकी चित्रकार झाल्या. उड्डाणपुलांचे खांब, शौचालयं, पंपहाऊस, काही सुटलं नाही. विषय ठरलेले. दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी. रोपट्याला पाणी घालणारी चिमुरडी, तिच्या झारीतून पाण्याचे तीन थेंब. ओला आणि सुका कचरा, दोघांना डोळे आणि दोघंही कमालीचे आनंदी. आणि या सगळ्यांच्या वर, मोकळ्या जागी, वारली.

वारली चित्राएवढी मेहनत दुसऱ्या कुठल्याच कलेने महापालिकेसाठी उपसली नसेल. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्न ठरलं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपण त्या गोल करून तारप्याभोवती नाचणाऱ्या माणसांना शहरात आणून थेट कामाला लावलं. वारली माणूस आता हिरव्या डब्यात ओला कचरा टाकतो, हेल्मेट घालून स्कूटर चालवतो, करोनात त्याने मास्क लावला, परवा एका खांबावर तो मेट्रोच्या दाराशी रांगेत उभा दिसला. खरा मुंबईकर तिथे रांगेत उभा राहत नाही, यावरूनच तो बाहेरगावचा आहे हे ओळखू येतं. पण तत्त्व तेच राहिलं आहे. तिकडे चौकाशिवाय लग्न लागत नाही, इकडे चित्राशिवाय सुशोभीकरणाचं बिल निघत नाही.

या सगळ्या चित्रांवर शेवटचा हात फिरवतो तो पाऊस. जूनमध्ये पहिली सर आली की चित्र घाम आल्यागत ओलं होतं. जुलैत पापुद्रे सुटतात. ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं, आणि ते कुठे धरावं याची त्याला पक्की जाण असते. आमच्या जवळच्या एका शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या रांगेत एक कोवळे, दाढी नसलेले शास्त्रज्ञ होते. दोन पावसाळ्यांत त्यांना हनुवटीपासून छातीपर्यंत हिरवीगार दाढी आली आणि मुलं त्यांना रवींद्रनाथ समजून वंदन करू लागली. गुरुजींनी दाढी खरवडायला सांगितली, तर दाढीबरोबर शास्त्रज्ञांचा खालचा ओठही निघाला. आता ते कोण आहेत हे कोणालाच सांगता येत नाही, पण आदर कायम आहे.

हे सगळं दुरून बघत होतो तोवर बरं चाललं होतं. मग आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीचं प्लॅस्टर झालं आणि 'आपणही काहीतरी काढून घेऊ या' असा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत निघाला. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, गणसंख्येशिवाय भरली. सिंकिंग फंडातून चित्र काढता येतं का, यावर पाऊण तास गेला. मग सूचना आल्या. तळमजल्यावरच्या काकूंना अष्टविनायक हवे होते. एका तरुण सभासदाने महाराजांचं नाव सुचवलं. सेक्रेटरी ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज सर्वांचे दैवत आहेत. पण खाली कोणी पिचकारी मारली तर चौकीत कोण जाणार? मी आत्ता राजीनामा देतो." सेक्रेटरी दुसरा मिळत नाही, म्हणून सूचना मागे घेतली गेली. बी विंगवाल्यांनी निसर्ग सुचवला. गुलमोहर काढा म्हणाले. त्याच जागी गुलमोहराचं खरंखुरं झाड होतं, ते पार्किंगसाठी त्यांच्याच अर्जावरून तोडलं होतं, ही आठवण ए विंगने करून दिली. त्यानंतरची चर्चा इतिवृत्तात घेतलेली नाही. एक आजोबा सभाभर झोपले होते, ते उठून म्हणाले, "मोठ्ठ्या अक्षरांत 'नो पार्किंग' लिहा. तीच खरी कला." टाळ्या त्यांनाच पडल्या.

शेवटी जे.जे.मधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आली. पाठीला पिशवी, केसांत पेन्सिल खोचलेली. आम्हाला वाटलं ही आता भिंत न्याहाळेल. तिने भिंतीकडे पाठ केली आणि फूटपाथ न्याहाळला.

"इथे रोज काय काय उभं असतं?"

सेक्रेटरींना वाटलं तक्रार करायला माणूस मिळाला. त्यांनी उत्साहाने यादी दिली. डावीकडे सहा-सात स्कूटर. मग विजेची पेटी. मग जुन्नरकडचा भाजीवाला, सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मग एक कुत्रा, कायमचा. "हे सगळं हटवतोच आम्ही," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही निर्धास्त काढा."

"काही हटवू नका," ती म्हणाली. "हटवलंत तरी सोमवारी परत येईल. त्यापेक्षा मी धरूनच काढते."

तिने टेप काढून स्कूटरच्या सीटची उंची मोजली. भाजीवाल्याला उभं करून त्याच्या खांद्यापर्यंत खडूने रेघ मारली. कुत्रा झोपला होता तसाच त्याचा आकार आखून घेतला. त्याने एक डोळा उघडून परवानगी दिली. आठवडाभरात भिंत तयार झाली. स्कूटर लागतात त्यांच्यावरच्या बाजूला तिने पाठमोरी माणसं काढली, म्हणजे खाली स्कूटर आल्या की ती आपोआप त्यांवर बसतात. ज्या दिवशी कोणी स्कूटर आणत नाही त्या दिवशी ती बिचारी अधांतरी. विजेच्या पेटीला तिने कोंबड्यांचं खुराडं करून टाकलं. आणि भाजीवाल्याच्या गाडीमागे, अगदी त्याच्या खांद्यापासून वर, हिरवंगार शिवार, पाटाचं पाणी, विहीर, लांब डोंगर. तो मध्ये उभा राहून मेथीच्या जुड्या रचायला लागला, की चित्र पुरं होतं. रविवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा शिवाराच्या मधोमध माणसाच्या मापाची कोरी जागा राहते आणि येणारे-जाणारे विचारतात, 'हे अर्धवट का सोडलंय?'

सगळे खूश आहेत. ए विंग, बी विंग, कुत्रासुद्धा. तक्रार एकट्या तळमजल्यावरच्या काकूंची आहे. चित्र झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये वाढवले. काकू कडाडल्या, "अरे, कालपर्यंत पंधराला देत होतास ना?"

त्याने शांतपणे मागच्या भिंतीकडे अंगठा दाखवला.

"कालपर्यंत वाशी मार्केटची होती, काकू. आता मळ्यातली आहे."